रीमिक्स वाजवा, पण नावं घ्या

ब्रिटनच्या विक्री-यादीत साठावा क्रमांक म्हणजे गाणं आलं कधी आणि गेलं कधी, कुणाला पत्ताही लागत नाही. 1997 मध्ये 'कॉर्नरशॉप' या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' त्या साठाव्या पायरीपर्यंत चढलं आणि उतरलं. 1998 च्या फेब्रुवारीत तेच गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. शब्द तेच, गाणारा तोच, त्याचा आवाजही आधी मुद्रित झालेलाच. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. नॉर्मन कुक या निर्मात्याने गाण्याचा वेग वाढवून त्याखाली दणदणीत ड्रम घातले होते, आणि रेडिओने ते भरदिवसा वाजवायला घेतलं होतं.

गाण्याच्या नावातली 'आशा' म्हणजे आपल्या आशा भोसले. सांगलीच्या मातीत जन्मलेल्या, 1943 च्या 'माझं बाळ' या मराठी चित्रपटातून गायला लागलेल्या. इंग्लंडातल्या एका मुलाने त्यांच्यावर गाणं रचावं आणि ते तिथल्या यादीच्या टोकाला जावं, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मलाही वाटतो. पण त्या अभिमानात एक प्रश्न मागे राहून जातो. मूळ गाणं, रीमिक्स आणि रेडिओ या तिघांत कोण कोणाचं काय देणं लागतं? या एका गाण्यात तो प्रश्न इतका उघड दिसतो की दुसरं उदाहरण शोधायची गरजच पडू नये.

आधी गाण्याविषयी. ते लिहिणारा आणि गाणारा तजिंदर सिंग वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये वाढला. बँडचं नाव आलं ते ब्रिटनमधल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांवरून. दक्षिण आशियाई चेहरा दिसला की तो दुकानदारच असणार, हा तिथला शिक्का. या मुलांनी तोच स्वतःच्या पाटीवर लिहून घेतला. गाणं आहे पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीविषयी, घरात वाजणाऱ्या आवाजांविषयी, आणि पडद्यावर जिचा चेहरा कधी दिसत नाही पण जिच्यावाचून सिनेमा चालत नाही अशा बाईविषयी. तो तिला पंजाबीत 'आमची राणी' म्हणतो. मग नावं घेत सुटतो. रफी, लता, ऑल इंडिया रेडिओ, टू-इन-वन, ट्रोजन रेकॉर्ड्स. ज्यांच्यामुळे त्याचं घर सुरांनी भरलेलं होतं त्या सगळ्यांची ती उजळणी आहे. श्रेय द्यायला बसलेला माणूस जसा एकही नाव राहू नये म्हणून बोटांवर मोजत जातो, तसं ते गाणं चालतं.

मूळ ध्वनिमुद्रण पाच मिनिटांहून मोठं आहे. गिटारचा एकच तुकडा आळसावल्यासारखा फिरत राहतो, तजिंदरचा आवाज गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा, आणि कुणालाच कुठे पोचायची घाई नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घरात जी सुस्ती असते ती त्यात आहे. कुकने ती सुस्ती काढून घेतली. वेग वाढवला, त्याबरोबर पट्टी वर गेली, आवाज जरा कोवळा झाला, आणि ड्रम असे आले की बसलेला माणूस उठावा. ते चांगलं रीमिक्स आहे, फार चांगलं आहे. 'मूळ ते शुद्ध आणि रीमिक्स म्हणजे भ्रष्ट' असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. एखादी बंदिश विलंबित ऐकावी आणि तीच द्रुतात ऐकावी, तेव्हा द्रुत गाणाऱ्याने विलंबिताचा अपमान केला असं आपण म्हणत नाही. कुक हा आधी 'हाऊसमार्टिन्स' या बँडचा बेस वाजवणारा, पुढे 'फॅटबॉय स्लिम' या नावाने जगभर गाजलेला. ऐकणाऱ्याच्या कानाने गाणं उलगडण्याची त्याची हातोटी खरी आहे.

माझी तक्रार रेडिओकडे आहे.

मूळ गाणं कुणी ऐकलंच नव्हतं असं नाही. बीबीसीच्या रेडिओ वनवर रात्री जॉन पील यांचा कार्यक्रम असे. त्यांचे श्रोते दर वर्षाअखेरीस वर्षातली आवडती गाणी मतांनी निवडत, त्या यादीला 'फेस्टिव्ह फिफ्टी' म्हणत. 1997 च्या यादीत पहिलं आलं ते 'ब्रिमफुल ऑफ आशा', रीमिक्स होऊन जग जिंकण्याच्या आधीच. म्हणजे एकाच केंद्राच्या रात्रीच्या श्रोत्यांना जे वर्षातलं सर्वोत्तम गाणं वाटलं, त्याला त्याच केंद्राच्या दिवसाच्या वेळापत्रकात मोठी जागा मिळाली ती वेग वाढल्यावर. रेडिओ वनचं दिवसाचं काम यादीवर चालतं: कोणतं गाणं आठवडाभर वारंवार वाजायचं, कोणतं कमी, हे ठरवून ए, बी, सी अशा पायऱ्यांवर बसवायचं. गाडी चालवणारा, दुकानात माल लावणारा, भांडी घासणारा श्रोता दुसऱ्या केंद्राकडे वळू नये ही त्या यादीमागची चिंता. त्या चिंतेत ड्रम नेहमीच जिंकणार आणि रविवारची सुस्ती नेहमीच हरणार.

ही निवड समजून घेता येते. पण ती झाल्यावर पुढे जे होतं ते मला मान्य नाही. रीमिक्सने दार उघडलं की मूळ गाणं त्या दारातून आत यायला हवं. प्रत्यक्षात दार रीमिक्सच्या मागे बंद होतं. ब्रिटनमध्ये आज ज्यांना हे गाणं पाठ आहे त्यांतल्या बहुतेकांच्या कानात कुकची आवृत्तीच बसलेली आहे, आणि तजिंदर सिंगचं घाई नसलेलं, पाच मिनिटांचं, नावं घेत जाणारं गाणं हे जाणकारांनी एकमेकांना सांगायचं गुपित होऊन बसलं.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर इथे अन्याय झाला असं म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्रिटनमध्ये रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकार आणि त्यांचे प्रकाशक यांना पीआरएस ही संस्था मानधन पोचवते; ध्वनिमुद्रणाचे मालक आणि त्यात गाणारे-वाजवणारे यांच्यासाठी पीपीएल आहे. रीमिक्स झालं तरी गाण्याचा कर्ता तजिंदर सिंगच राहिला, रेकॉर्डवर नाव कॉर्नरशॉपचंच राहिलं. त्या अर्थाने कुकचे ड्रम म्हणजे मूळ कर्त्याच्या घरी आलेली वरकमाईच होती. कुकच्याच 'प्रेझ यू' या गाण्यातही असंच घडलं. त्यात ऐकू येणारा आवाज कॅमिल यारब्रो या अमेरिकन कृष्णवर्णीय कवयित्री-गायिकेचा, 1975 च्या तिच्या गाण्यातून घेतलेला. 1999 च्या जानेवारीत 'प्रेझ यू' ब्रिटनमध्ये पहिलं आलं, आणि गाण्याच्या कर्त्यांत तिचं नाव आहे.

त्याआधीचं एक उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' 1987 मध्ये आलं ते एकाही वाद्याशिवाय, नुसत्या आवाजात. 1990 मध्ये 'डीएनए' नावाच्या दोघा ब्रिटिश निर्मात्यांनी परवानगी न घेता त्याखाली ताल घातला. रेकॉर्ड कंपनीला कोर्टात जाता आलं असतं. तिने तसं न करता ते रीमिक्सच विकत घेतलं, वेगाचं नाव ठळक ठेवून बाजारात आणलं, आणि ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. नाव शाबूत राहिलं की चोरीसारखी सुरू झालेली गोष्टसुद्धा सहकार्य होऊ शकते, हे तिथे दिसलं.

नाव राहिलं नाही तर काय होतं, त्यासाठी लाभ जंजुआ आठवावे लागतात. 'मुंडियां तों बच के' हे गाणं महाराष्ट्रातल्या एकूण एक वरातीत वाजलेलं आहे. कोव्हेंट्रीच्या पंजाबी एमसी या निर्मात्याने ते 1998 मध्ये आपल्या अल्बममध्ये घेतलं होतं: खाली एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीताचा तुकडा, वर खणखणीत पंजाबी गळा. ब्रिटनमधल्या पंजाबी घरांत ते तेव्हापासून वाजत होतं. देशभराच्या रेडिओने ते उचललं आणि ते पहिल्या पाचांत पोचलं 2003 च्या सुरुवातीला. पाच वर्षांनी. नाव गाजलं पंजाबी एमसीचं, आणि पुढे अमेरिकेच्या जे-झीने त्यात आपल्या ओळी घातल्यावर त्याचंही. गळा ज्यांचा होता ते लाभ जंजुआ नंतर मुंबईत राहून हिंदी चित्रपटांसाठी गात होते, 'क्वीन'मधल्या 'लंडन ठुमकदा'सारखी गाणी त्यांच्या वाट्याला आली, आणि 2015 मध्ये ते मुंबईतच वारले. त्यांच्या आवाजावर वर्षानुवर्षं नाचलेल्या किती जणांना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल? मी स्वतः त्यांच्यापैकी एक आहे. तो आवाज कुणाचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आशाबाईंच्या बाबतीत तर एक विचित्र योग आहे. 1994 मध्ये बर्मिंगहॅमच्या बॅली सागू या निर्मात्याने हिंदी चित्रपटगीतांच्या रीमिक्सचा 'बॉलिवूड फ्लॅशबॅक' हा मोठा प्रकल्प केला. त्यातलं सगळ्यात गाजलं ते 'चुरा लिया'. मूळ 1973 च्या 'यादों की बारात'मधलं; आर. डी. बर्मन यांचं संगीत, मजरूह यांचे शब्द, आशाबाई आणि रफी यांचे आवाज. सागूच्या आवृत्तीत ते नव्याने गाऊन घेतलेलं होतं. तीन-चार वर्षांनी आलेल्या कॉर्नरशॉपच्या गाण्यात आशाबाईंचं नाव आहे, आवाज नाही. ब्रिटनच्या नाचगाण्यांमधल्या या दोन्ही गाजलेल्या रीमिक्सच्या मुळाशी आशाबाई आहेत आणि दोन्हींत त्यांचा गळा ऐकू येत नाही. पार्श्वगायिका म्हणजे पडद्यामागचा आवाज. रीमिक्समध्ये तो आणखी एका पडद्यामागे जातो.

आणि तो पडदा बाजूला करण्याचं काम आपल्याकडे मुळात रेडिओनेच केलं होतं, हे फार थोड्या लोकांना आठवतं. 1949 च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलेलं होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटात मधुबालाने केलेल्या पात्राचं. गाणं रेडिओवर वाजलं, श्रोते विचारू लागले, ही कोण गाते? त्या मागणीमुळे नाव शोधलं गेलं आणि ते सांगितलं गेलं: लता मंगेशकर. पार्श्वगायकांची नावं घराघरांत पोचली ती अशी, निवेदकाच्या तोंडून. पुढच्या काही पिढ्या त्या निवेदनावरच वाढल्या. 'आपली आवड' ऐकताना आम्हा मुलांना गाण्याआधीच्या त्या ओळी गाण्याइतक्याच पाठ असत: गीत ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके, गायिका आशा भोसले. संगीतकार म्हणजे नेमकं काय करतो हे कळायच्या आधीच त्यांची नावं माहीत झाली होती. शाळेने शिकवलं नाही ते त्या सपाट, संथ निवेदनाने शिकवलं. आज खासगी एफएमवर गाणं संपताना निवेदक पुढच्या जाहिरातीकडे धावत असतो.

इथे कायद्याचा आधार शोधायला गेलं की हाताला फार काही लागत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना देऊन आणि मानधन भरून, तेच गाणं नव्याने मुद्रित करण्याची सोय होती. त्या सोयीवर नव्वदच्या दशकात आणि त्यापुढे रीमिक्सचा पूर आला. 'काँटा लगा'चं 2002 मधलं रीमिक्स त्याच पुरातलं; 1972 च्या 'समाधि'मध्ये ते लताबाईंनी गायलेलं. रीमिक्सच्या व्हिडिओतला चेहरा सगळ्यांना आठवतो, पण त्यात गायलेल्या मुलीचं नाव विचारून पाहा. लताबाईंनी अशा प्रकारांविरुद्ध उघड आवाज उठवला, त्याआधी साठच्या दशकात गायकांच्या मानधनासाठी रफींशी अबोला पत्करला. तेव्हा अनेकांना तो हेका वाटला. 2012 च्या दुरुस्तीने दोनाची पाच वर्षं केली आणि गायकांना मानधनाचा हक्क दिला, तेव्हा त्या हेक्याचा अर्थ लागला.

पण त्याच दुरुस्तीत एक तरतूद आहे जी वाचून मी थबकले. नव्याने मुद्रित केलेल्या आवृत्तीच्या वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र घालायचं नाही, आणि ही नवी आवृत्ती आहे हे छापायचं. हेतू रास्त आहे. गिऱ्हाइकाने लताबाईंचं नाव पाहून दुसऱ्याच कुणाचं गाणं विकत घेऊ नये. पण परिणाम असा की ज्या आवाजामुळे गाण्याला किंमत आली त्याचाच उल्लेख नव्या तबकडीवर बेकायदा ठरतो. ज्या रीमिक्समध्ये मूळ आवाजच वापरलेला आहे तिथे गायकाला आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला आहे. ब्रिटनमध्येही 2006 पासून तसा हक्क आहे. नव्याने गाऊन घेतलं की तो हक्क गळून पडतो. वेष्टनाला मनाई आहे, रेडिओच्या निवेदकाला मात्र कोणतीच मनाई नाही. 'हे गाणं मूळ अमक्यांनी गायलं होतं' हे वाक्य उच्चारायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून मी कायदेमंडळाकडे जायच्या आधी रेडिओच्या दारात उभी आहे.

माझं म्हणणं साधं आहे. रीमिक्स वाजवणाऱ्या प्रत्येक केंद्राने, आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राने तर अटीचं म्हणून, मूळ कर्त्यांची आणि गायकांची नावं रीमिक्स करणाऱ्याच्या नावासोबत घ्यावीत. आणि एखादं रीमिक्स दिवसाच्या यादीत वरच्या पायरीवर बसवलं असेल, तर त्या काळात मूळ गाणंही त्याच केंद्रावर ऐकू यावं. रोज नको, रीमिक्सइतक्या वेळा तर नकोच. पण ज्याला कुतूहल वाटेल त्याला ते सापडेल इतपत. बीबीसी घराघरातून परवाना शुल्क घेते, आकाशवाणी सरकारी तिजोरीवर चालते. श्रोता पळून जाईल ही भीती खासगी केंद्राला असेल तर मी समजू शकते. या दोघांना ती इतकी का असावी?

यावर सहज येणारं उत्तर म्हणजे ज्याला हवं तो शोधून घेईल, आज सगळं बोटाच्या टोकावर आहे. पण शोधायला आधी माहीत असावं लागतं की शोधण्यासारखं काही आहे. जो रीमिक्सलाच मूळ समजतो तो काय शोधणार? मी तरी लाभ जंजुआंना कुठे शोधलं होतं?

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि ती आपल्याच इतिहासातून येते. रेडिओला नियम लावायला गेलं की काय होतं हे आपण बाळकृष्ण केसकरांच्या काळात पाहिलं. 1952 मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेल्या या मराठी माणसाचं शास्त्रीय संगीतावर निस्सीम प्रेम होतं. त्या प्रेमापोटी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली, चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, असंही ठरलं. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली, अमीन सयानींच्या आवाजाने देश जिंकला, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला श्रोत्यांच्या मागे जावं लागलं. हा धडा मी विसरत नाही. केसकरांनी लोकांच्या आवडीचं गाणं काढून घेतलं आणि त्याचं नावही. मी काहीच काढून घ्यायला सांगत नाही. कुकचे ड्रम जसेच्या तसे वाजू द्यावेत.

शिवाय नियमाने रेडिओ मरतो हे खरंही नाही. ब्रिटनमध्येच 1988 पर्यंत रेडिओने दिवसाला किती तास तबकड्या वाजवाव्यात यावर मर्यादा होती, वादकांचा रोजगार टिकावा म्हणून. तासांची ती कमतरता भरून काढायला बीबीसी बँडना आपल्या स्टुडिओत बोलावून गाणी मुद्रित करून घेत असे. जॉन पील यांच्या कार्यक्रमातली ती ध्वनिमुद्रणं आज ब्रिटिश संगीताचा अमूल्य ठेवा मानली जातात. फ्रान्समध्ये 1994 चा कायदा आहे, गाण्यांतला चाळीस टक्के वाटा फ्रेंच भाषेला द्यायचा. तिथला रेडिओ बंद पडलेला नाही. मी मागते आहे ते त्यापुढे किती लहान आहे.

वेळ नाही, असंही सांगतील. मी मोजून पाहिलं. '«ब्रिमफुल ऑफ आशा». गीत, संगीत आणि आवाज तजिंदर सिंग, बँड कॉर्नरशॉप, गाणं आशा भोसले यांच्याविषयी. रीमिक्स नॉर्मन कुक यांचं. मूळ गाणं आज रात्री दहानंतर याच केंद्रावर.' घड्याळ समोर ठेवून, आकाशवाणीच्या निवेदकासारखं एकेक नाव नीट उच्चारत हे मोठ्याने वाचलं. पंधरा सेकंद लागले. नाचाच्या गाण्यात शब्द सुरू होण्याआधी इतकी जागा बहुधा असतेच, आणि निवेदक तिथे बोलत असतोच.